उन्हाने सुस्तावला, की आजारी पडला?

मे महिन्यात कुत्र्याने जेवण टाकले की नागपुरातल्या घरात एकच वाक्य ऐकू येते, "उन्हाने झालं असेल." पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात ते पटतेही लगेच. धोका तिथेच आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची सुरुवातही अशीच असते. कुत्रा पडून राहतो, पोळीला तोंड लावत नाही, हाक मारली तर नुसती शेपटी हलवतो. उन्हाच्या नावाखाली त्यात आठवडा निघून जातो आणि उपचाराची सगळ्यात चांगली वेळ हातची जाते.

दोन्हींतला फरक बऱ्याचदा संध्याकाळी कळतो. उन्हाची सुस्ती उन्हाबरोबर उतरते. दुपारभर कूलरसमोर पसरलेला निरोगी कुत्रा ऊन कलले की उठतो, अंग झाडतो, पाणी पितो, दाराशी जाऊन फिरायला न्या म्हणून उभा राहतो आणि रात्री उशिरा का होईना, जेवतो. आजारी कुत्र्याला संध्याकाळ झाली तरी उभारी येत नाही. सकाळच्या गारव्यातही तो मरगळलेला असेल, तर दोष उन्हाला देऊ नका.

मग ताप मोजायचा. नाक कोरडे म्हणजे ताप आणि ओले म्हणजे तब्येत ठीक, या समजुतीवर विसंबू नये. झोपून उठलेल्या किंवा कूलरच्या वाऱ्यात बसलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाकही कोरडे असते. साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात हलकेच सरकवावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे आपल्या हाताला त्याचे अंग नेहमीच गरम लागते. आकडा १०३ च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करावा, मात्र उन्हातून किंवा खेळून आल्याबरोबर मोजू नये. गाढ झोपेत त्याचे श्वासही मोजून पाहा. गार खोलीत ते मिनिटाला तिसाच्या आत हवेत. हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हे सगळे कुत्रा ठणठणीत असतानाच एकदा करून लिहून ठेवावे, कारण आपल्या कुत्र्याचे नेहमीचे माहीत असेल तरच बिघडलेले ओळखता येते.

आता गोचीड. कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड उष्ण, कोरड्या घरात मजेत जगते. अंडी घालायला ती कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, पडद्याच्या घडीत, दाराच्या चौकटीत शिरते. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याला आंघोळ घालून प्रश्न सुटत नाही, घराच्या फटीही साफ कराव्या लागतात. ही गोचीड चावताना एर्लिकिया नावाचे जिवाणू रक्तात सोडते. ते पांढऱ्या पेशींत शिरतात आणि एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात. मग पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके उमटतात, कधी नाकातून रक्त येते.

या आजाराची फसवी बाजू म्हणजे काही आठवड्यांत उपचारांशिवायही ताप उतरतो, कुत्रा जेवू लागतो आणि घरचे निश्चिंत होतात. जिवाणू मात्र शरीरात दबा धरून राहू शकतात. काही कुत्र्यांत महिन्यांनी, कधी वर्षांनी ते अस्थिमज्जा निकामी करतात आणि तेव्हा कुत्र्याला वाचवणे फार कठीण असते. वेळेत रक्त तपासले तर डॉक्सिसायक्लिनने बहुतेक कुत्रे बरे होतात. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. दोन दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला तरी गोळ्या बंद करू नयेत. गोचिडांमुळेच होणाऱ्या बबेसिया या दुसऱ्या आजारात तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिकट पडतात आणि लघवी कॉफीसारखी गडद होते. त्यावर औषधे वेगळी, म्हणून अंदाजाने गोळी देऊ नये.

उष्माघात मात्र संध्याकाळची वाट पाहू देत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचे पाणी उडवून बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, पाय लटपटत असतील, तर ताबडतोब सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चटके देते, ते वापरू नका, घरात भरून ठेवलेले घ्या. अंगाला ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

आणखी काही खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे आणि उबळ येऊनही काही पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासही महत्त्वाचा. नर वारंवार पाय वर करतो पण लघवी होत नाही. गर्भाशय न काढलेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागते, मलूल होते. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागते. आणि वागणे अचानक बदलले, लाळ गळते, गिळता येत नाही असे दिसले, तर घशात हाड अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो.

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याच्या यकृताला, जठराला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकतात. आधीच दिली असेल तर किती आणि केव्हा दिली, ते डॉक्टरांना न लपवता सांगा. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय. निघण्याआधी कुत्र्याच्या चालण्याचा, खोकण्याचा, धापेचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यातल्या नव्या वासांनी आणि भीतीने कुत्रा कधी कधी लंगडणेही थांबवतो, आणि डॉक्टरांना घरी दिसलेले लक्षण तिथे दिसतच नाही.