डोंगरांवरून ग्लायडरचे लांब उड्डाण: बॅज, डिप्लोमा आणि विक्रमाचा दावा कसा दाखल करायचा

डोंगरधारेच्या आधाराने ग्लायडर, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय उडणारे विमान, दिवसभर उडवून, पाचशे किलोमीटर पुरे करून वैमानिक खाली उतरतो आणि काही आठवड्यांनी त्याचा दावा नामंजूर होऊन येतो. उड्डाण खरे असते, मेहनतही खरी असते, पण पुरावा नियमात बसत नाही. असे झालेले पाहवत नाही, कारण चूक बहुतेक वेळा उड्डाण करण्याआधीच झालेली असते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: हा अर्ज उतरल्यावर भरायचा असला, तरी त्याचे अर्ध्याहून अधिक काम जमिनीवर, टो घेण्यापूर्वी, म्हणजे दुसऱ्या विमानाने ग्लायडर ओढून वर नेण्यापूर्वी, उरकायचे असते.

ग्लायडिंगचे बॅज आणि विक्रम यांची व्यवस्था एफएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाकडे आहे. ही संस्था १९०५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि आज तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. ग्लायडिंगपुरते नियम तिच्या आयजीसी या ग्लायडिंग समितीचे असतात आणि ते स्पोर्टिंग कोड या नियमावलीच्या तिसऱ्या विभागात छापलेले असतात. वैमानिकाने थेट लोझानला अर्ज पाठवायचा नसतो. प्रत्येक सदस्य देशात एक राष्ट्रीय संस्था असते, दावा तिच्याकडे जातो. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून उड्डाणाच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती त्या संस्थेकडून घेऊन वाचावी. मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

कोणत्या दाव्यासाठी काय लागते

सिल्व्हर बॅजसाठी तीन गोष्टी लागतात: ५ तासांचे उड्डाण, किमान ५० किलोमीटरचे अंतर आणि १,००० मीटर उंचीची कमाई. गोल्डला तेच ५ तास, ३०० किलोमीटर आणि ३,००० मीटर. सिल्व्हरसाठी केलेले ५ तास गोल्डलाही चालतात. त्यापुढे तीन डायमंड आहेत. पहिला, आधी जाहीर केलेल्या ३०० किलोमीटरच्या जाऊन-येऊन किंवा त्रिकोणी मार्गाचा, दुसरा ५०० किलोमीटर अंतराचा आणि तिसरा ५,००० मीटर उंची कमावण्याचा. डायमंडच्या पुढे ७५० किलोमीटरचा डिप्लोमा आणि तिथून दर २५० किलोमीटरला एक, म्हणजे १,०००, १,२५० असे डिप्लोमा मिळतात.

उंचीची कमाई म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. उड्डाणात आधी गाठलेला नीचांक आणि त्यानंतर गाठलेला उच्चांक यांतला फरक मोजला जातो. त्यामुळे उंच टो घेऊन सुटलेल्या वैमानिकाची कमाई आपोआप घटते. पर्वतलहरीत, म्हणजे डोंगरापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटेत, उंची मिळवायची असेल तर रिलीजनंतर, म्हणजे टो सोडल्यावर, थोडे खाली येऊन नीचांक नोंदवणे आणि मग लहरीत शिरणे फायद्याचे असते. रेकॉर्डरवर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि उंची नोंदवणाऱ्या यंत्रावर, तो खालचा बिंदू स्पष्ट दिसला पाहिजे.

बॅजसाठी वैमानिक ग्लायडरमध्ये एकटा असला पाहिजे. दोन आसनांच्या ग्लायडरमध्ये मागे प्रशिक्षक बसला असेल तर ते उड्डाण शिकण्याचे होते, बॅजचे नव्हे. सिल्व्हरच्या अंतरात रेडिओवरून दिशादर्शन घेणे किंवा दुसऱ्या ग्लायडरच्या मागे मागे जाणेही अपेक्षित नाही. हा बॅज वैमानिक स्वतः वाट काढू शकतो याची खूण आहे आणि मला हा नियम फार योग्य वाटतो.

डोंगराचा आकार आणि दाव्याचा आकार

सपाट प्रदेशात थर्मलवर, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेवर, उडणारा वैमानिक त्रिकोण आखतो, कारण त्याला कोणत्याही दिशेला सारखीच उचल मिळण्याची आशा असते. डोंगरात तसे नसते. वारा धारेवर आदळून वर चढतो तेव्हा उचलीची एक लांब, अरुंद पट्टी तयार होते. पलीकडच्या बाजूला, हवा स्थिर असेल तर, लहरी उठतात आणि त्या जमिनीच्या तुलनेत जागच्या जागी उभ्या राहतात. वैमानिक या पट्टीच्या लांबीवर पुढे-मागे शेकडो किलोमीटर कापू शकतो, पण तिच्या आडवे गेला की उतरणीच्या प्रवाहात सापडतो.

म्हणून पर्वतरांगेत जाऊन-येऊन मार्ग किंवा तीन टर्न पॉइंटचे, म्हणजे वळणबिंदूंचे, अंतर हे दोन प्रकार नैसर्गिक ठरतात. तीन टर्न पॉइंटच्या प्रकारात आरंभ, तीनपर्यंत वळणे आणि शेवट अशी साखळी असते आणि वळणे एकमेकांपासून किमान १० किलोमीटर दूर असावी लागतात. जर्मन ग्लायडर वैमानिक क्लाउस ओलमान यांनी २१ जानेवारी २००३ रोजी अँडीज पर्वतावर ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले ते तीन टर्न पॉइंटच्या याच जातीच्या दाव्यात. उत्तर-दक्षिण पसरलेली रांग आणि तिच्यावर पश्चिमेकडून आदळणारा जोरदार वारा असेल तिथे मोठा त्रिकोण आखणे म्हणजे डोंगराशी भांडण आहे. शिवाय त्रिकोणालाही अटी आहेत: ७५० किलोमीटरपेक्षा लहान त्रिकोणी विक्रमात कोणतीही बाजू एकूण लांबीच्या २८ टक्क्यांहून कमी असून चालत नाही.

घोषणा

रेकॉर्डरमध्ये उड्डाणाआधी भरलेली घोषणा हा या दाव्याचा कणा. तिच्यात वैमानिकाचे नाव, ग्लायडरचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, रेकॉर्डरची ओळख, तारीख, आणि आरंभ, टर्न पॉइंट, शेवट यांचे अक्षांश-रेखांश असतात. उड्डाणापूर्वी भरलेली शेवटची घोषणाच खरी धरली जाते, आधीच्या साऱ्या रद्द होतात. इथे लोक फसतात. सकाळी हवामान पाहून नवा मार्ग आखला, रेकॉर्डरमध्ये भरलाही, पण मुख्य आणि पर्यायी अशा दोन रेकॉर्डरपैकी एकातच भरला. दुसऱ्यात कालचा मार्ग तसाच राहिला. मग मुख्य रेकॉर्डर बिघडला आणि दुसऱ्याची फाइल सादर केली की तिच्यातली घोषणा वेगळीच निघते. दोन रेकॉर्डर न्यावेतच, डोंगरात तर जरूर न्यावेत, पण दोन्हींमध्ये एकच घोषणा आहे हे निरीक्षकासमोर पडताळून घ्यावे. नाव किंवा ग्लायडरचा क्रमांक मागच्या वैमानिकाचा राहिला आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. क्लबच्या ग्लायडरमध्ये हे नेहमी होते.

टर्न पॉइंट निवडताना नकाशावरचे शिखर पाहून मोह होतो. तो टाळावा. शिखर ढगात असू शकते किंवा त्याच्या पाठीमागे खळबळता रोटर, म्हणजे हवेचा भोवरा, असू शकतो. वळण पार केल्याचे सिद्ध करायला दोन पद्धती आहेत. एक म्हणजे टर्न पॉइंटपासून बाहेरच्या बाजूला पसरलेला ९० अंशांचा कोन, दुसरी म्हणजे अर्ध्या किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ. वर्तुळ वापरले तर त्या वळणाला येणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक टप्प्यातून अर्धा किलोमीटर वजा होतो. मार्ग अगदी ५०० किलोमीटरचाच आखला आणि वळणे वर्तुळाने घेतली तर दावा ५०० च्या खाली जातो. दहा-पंधरा किलोमीटर जास्तीचा मार्ग आखणे शहाणपणाचे.

उंची गमावण्याचा हिशेब

आता सगळ्यात महत्त्वाचे. डोंगरातले दावे इतर कोणत्याही नियमापेक्षा याच नियमावर जास्त पडत असावेत, असे मला वाटते.

ग्लायडर उंचीची देवाणघेवाण करून अंतर मिळवतो. खूप उंचावरून सुरुवात करून खाली संपवले तर त्यातले काही अंतर उचलीने मिळालेले नसते, नुसत्या घसरण्याने मिळालेले असते. म्हणून १०० किलोमीटरपेक्षा मोठ्या अंतरात आरंभाची उंची आणि शेवटची उंची यांत १,००० मीटरपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त फरक असेल तर जादा उंचीच्या शंभर पट अंतर दाव्यातून वजा होते. १०० किलोमीटरच्या आत सवलत अंतराच्या १ टक्का इतकीच असते: ५० किलोमीटरला ५०० मीटर, ६० ला ६०० मीटर.

एक उदाहरण करून पाहू. वैमानिक १,५०० मीटरवर टो सोडतो, लहरीत शिरून ४,५०० मीटरपर्यंत चढतो आणि आनंदाच्या भरात तिथेच आरंभरेषा ओलांडतो. ५१० किलोमीटर उडून शेवटची रेषा १,२०० मीटरवर पार करतो. फरक ३,३०० मीटर. त्यातले १,००० माफ, २,३०० जादा. त्याचे शंभर पट म्हणजे २३० किलोमीटर वजा. हातात उरले २८०. डायमंड तर गेलाच, गोल्डचे ३०० किलोमीटरही पुरले नाहीत.

उपाय अवघड नाही. आरंभरेषा, जी १ किलोमीटर लांबीची असते, ती खालच्या उंचीवर ओलांडायची आणि मग चढायला लागायचे. नाहीतर शेवटची रेषा उंचावरच पार करायची आणि नोंद झाल्यावर निवांत उतरायचे. शेवट म्हणजे जमिनीला टेकणे नव्हे हे लक्षात ठेवले की बराच ताण कमी होतो. निरीक्षकाबरोबर बसून हा हिशेब आदल्या दिवशी कागदावर मांडावा आणि आरंभाची कमाल उंची कॉकपिटमध्ये डोळ्यांसमोर लिहून लावावी.

५ तासांच्या दाव्यालाही हाच प्रश्न आहे आणि तिथे वजाबाकीची सोय नाही. रिलीजची उंची आणि उतरण्याच्या ठिकाणाची उंची यांत १,००० मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर ५ तास वाया जातात. उंच पठारावरच्या धावपट्टीवरून निघून खालच्या खोऱ्यात उतरावे लागले तर हे सहज घडते.

अधिकृत निरीक्षक आणि रेकॉर्डर

राष्ट्रीय संस्थेने नेमलेला अधिकृत निरीक्षक नसेल तर दावा उभाच राहत नाही. वैमानिक स्वतःचा निरीक्षक होऊ शकत नाही, त्याच ग्लायडरमधला प्रवासीही नाही. निरीक्षक उड्डाणाआधी रेकॉर्डर ग्लायडरमध्ये कसा बसवला आहे ते पाहतो, गरज असेल तिथे सील लावतो, कोण उडाले आणि कोण उतरले याची खात्री करतो आणि उतरल्यावर फाइल स्वतःच्या देखरेखीत काढून घेतो. दूरच्या खोऱ्यात उतरावे लागले तर रेकॉर्डरला हात न लावता निरीक्षकाला कळवावे आणि तो येईपर्यंत किंवा ग्लायडर परत नेईपर्यंत तसाच ठेवावा.

रेकॉर्डरला आयजीसीची मान्यता हवी आणि मान्यतेच्या पायऱ्या आहेत. काही यंत्रे जागतिक विक्रमासकट सगळ्यासाठी चालतात, काही सर्व बॅज आणि डिप्लोमांसाठी, काही फक्त डायमंडपर्यंत. साधे पोझिशन रेकॉर्डर सिल्व्हर आणि गोल्डपुरतेच. मोठे उड्डाण करून आल्यावर यंत्र खालच्या पायरीचे होते हे कळण्यापेक्षा आधीच मान्यतेचे पत्र वाचावे. ग्लायडरला इंजिन असेल तर ते केव्हा चालले हे नोंदवणारा आवाज किंवा कंपनाचा भागही चालू असला पाहिजे. तो नसेल तर इंजिन बंद होते हे सिद्ध करायला हातात काही राहत नाही.

उंची दाबावरून मोजली जाते, म्हणून रेकॉर्डरच्या दाबमापकाचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याची मुदत उड्डाणाआधीच तपासावी. थंडीचाही विचार करावा. पर्वतलहरीत उंचावर तापमान शून्याखाली बरेच उतरते आणि बॅटरी अशा वेळी एकाएकी मान टाकते. नोंदीत मोठा खंड पडला तर मध्ये ग्लायडर उतरला नव्हता हे दाखवणे कठीण जाते.

फाइलबद्दल एकच सूचना, पण ती जीव तोडून सांगतो: मूळ आयजीसी फाइल कधीही उघडून पुन्हा साठवू नका. तिच्यात एक डिजिटल सही असते. एक अक्षर जरी बदलले तरी तपासणीत ती नापास होते आणि मग कोणाचेही प्रमाणपत्र तिला वाचवू शकत नाही.

दावा सादर करताना

राष्ट्रीय संस्थेचा छापील किंवा ऑनलाइन अर्ज, मूळ आयजीसी फाइल, निरीक्षकाची सही आणि निवेदन, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, आणि पोझिशन रेकॉर्डर वापरला असेल तर कागदावर आधी लिहिलेली घोषणा, एवढे बॅजसाठी पुरते. टो कुठे सुटला हे फाइलमधून स्पष्ट होत नसेल तर टो-पायलटची नोंदही जोडावी. फाइलमधल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. अर्जात स्थानिक वेळ लिहिली असेल तर तसे नमूद करावे, नाहीतर तपासणाऱ्याला दोन वेगळी उड्डाणे दिसतात. उड्डाण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा संस्थेकडे पोहोचायला हवा.

उड्डाणाचा परवाना, नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्याची परवानगी, उंचीवरचा ऑक्सिजन या गोष्टी त्या त्या देशाच्या विमान कायद्याच्या आहेत आणि बॅजचा अर्ज त्यांची जागा घेत नाही. लहरीत चढणारा वैमानिक प्रवासी विमानांच्या उंचीवर जातो, म्हणून ही परवानगी आधी हातात हवी.

जागतिक विक्रमाचा दावा असेल तर घड्याळ फार जोरात धावते. प्राथमिक सूचना ७ दिवसांच्या आत एफएआयकडे गेली पाहिजे आणि संपूर्ण फाइल, राष्ट्रीय संस्थेच्या मंजुरीसह, १२० दिवसांच्या आत. वैमानिकाकडे वैध क्रीडा परवानाही असावा लागतो आणि तो उड्डाणाच्या दिवशी वैध असायला हवा. नंतर काढलेला चालत नाही. सूचनेचे ७ दिवस उड्डाणापासून मोजले जातात, ग्लायडर ट्रेलरवर घालून घरी परतल्यापासून नाही. म्हणून ती सूचना पाठवण्याचे काम उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळीच कोणा एकाकडे सोपवून ठेवावे.