हार्डवेअर क्वर्क

एखादी चिप तिच्या कागदोपत्री वर्णनाप्रमाणे वागत नसेल, किंवा संगणक सुरू होताना तिच्या रजिस्टरांत (चिपमधल्या छोट्या स्मृतिकप्प्यांत) चुकीची मूल्ये बसत असतील, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमधून (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) त्या चिपपुरती जी नेमकी दुरुस्ती करतात तिला ‘क्वर्क’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ लकब किंवा विक्षिप्तपणा. वापरात तो दोन्हींना चिकटला आहे : चिपच्या खोडीलाही आणि खोडीवरच्या इलाजालाही. उत्पादक खोडीला ‘इरॅटम’ आणि इलाजाला ‘वर्कअराउंड’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत हा शब्द इलाजासाठी योजला आहे, कारण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, कोडमध्ये या नावाने सुरू होणारी फंक्शने इलाजाचीच असतात.

आयएसए या जुन्या बसच्या (संगणकाला कार्डे जोडणाऱ्या मार्गाच्या) काळात कार्डाचा इंटरप्ट क्रमांक (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या इशाऱ्याचा क्रमांक) आणि पोर्टचा (माहिती देण्याघेण्याच्या जागेचा) पत्ता बहुधा कार्डावरच्या जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या लहान टोपणाने) ठरे. दोन कार्डांनी एकच क्रमांक धरला, तर पेटी उघडून जंपर हलवावा लागे. समोर नेमके कोणते कार्ड आहे हे ड्रायव्हरला खात्रीने कळण्याची सर्वमान्य सोय नव्हती. इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय बसचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध केले आणि ही सोय झाली. पीसीआय उपकरणाला २५६ बाइटांचे कॉन्फिगरेशन क्षेत्र असते (पीसीआय एक्सप्रेसमध्ये ते ४,०९६ बाइटांचे झाले). त्यातील पहिल्या ६४ बाइटांची मांडणी ठरलेली आहे. आरंभी १६ बिटांचा उत्पादक क्रमांक, त्यालगत तेवढाच उपकरण क्रमांक आणि पुढे एका बाइटाचा रिव्हिजन क्रमांक असतो. इंटेलचा उत्पादक क्रमांक षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत ८०८६ असा आहे. ६४ बाइटांपलीकडची बरीचशी जागा उत्पादक आपल्या मर्जीने वापरतो, आणि रजिस्टर बदलणारे अनेक क्वर्क तिथेच लेखन करतात.

क्वर्क ही वेगळी व्यवस्था म्हणून केव्हा रूढ झाली याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. पीसीआय क्वर्क एकत्र ठेवणाऱ्या लिनक्सच्या फाइलीवर १९९९ हे स्वामित्ववर्ष आहे. तथापि एकेका ड्रायव्हरच्या पोटात अशा दुरुस्त्या त्याआधीपासून होत्या. म्हणून १९९० च्या दशकाचा मध्य हा काळ अधिक पटण्यासारखा आहे. या सुरुवातीच्या दुरुस्त्यांचा चांगला नमुना म्हणजे आरझेड १००० हा आयडीई कंट्रोलर, म्हणजे डिस्क जोडणारी चिप. त्याच्या आगाऊ-वाचनाच्या सोयीत दोष होता आणि त्यामुळे डिस्कवरची माहिती बिघडे. लिनक्स ड्रायव्हर षोडशमान ४० या जागेवरचा १६ बिटांचा शब्द वाचतो, त्यातला १३ वा बिट शून्य करतो आणि शब्द परत लिहितो. आगाऊ-वाचन बंद होते. नंतरच्या ड्रायव्हरमध्ये ही नोंद लिहिता आली नाही तर तो कंट्रोलर वापरायलाच नकार दिला आहे. हा कडकपणा योग्यच म्हटला पाहिजे. डिस्क मुळीच न दिसणे हे ती गुपचूप बिघडत राहण्यापेक्षा कितीतरी बरे.

अभ्यासण्याजोगे सर्वांत बोलके उदाहरण व्हीआयए कंपनीच्या ६८६बी या साउथब्रिजचे (मदरबोर्डावरची डिस्क वगैरे उपकरणे सांभाळणाऱ्या चिपचे) आहे. २००१ च्या सुमारास या चिपच्या मदरबोर्डांवर डिस्कवरची माहिती बिघडण्याच्या तक्रारी आल्या. कारणाबद्दल दोन मते होती. कंपनीची शिफारस असे गृहीत धरी, की दोष साउंड ब्लास्टर लाइव्ह हे ध्वनिकार्ड जोडलेले असतानाच उद्भवतो, सबब इलाजही तेव्हाच करावा. कर्नलमधील टिपणी निराळे सांगते : ध्वनिकार्ड नसतानाही, उदाहरणार्थ तीन यूडीएमए (वेगवान प्रकारचे) आयडीई कंट्रोलर असताना, माहिती बिघडलेली आढळली आहे, बसवर ताण वाढून लागोपाठ तीन बस-मास्टर (बस स्वतः चालवू शकणाऱ्या उपकरणांच्या) मागण्यांपर्यंत प्रोसेसरला बस मिळाली नाही, की माहिती गळते. या टिपणीतही ‘दिसणारा दोष’ असाच सावध शब्द आहे. तरी ध्वनिकार्डाशिवायची निरीक्षणे पाहता दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. ध्वनिकार्ड हे ताण वाढवणारे एक निमित्त असावे, कारण नव्हे.

दुरुस्ती अशी आहे. नॉर्थब्रिज (प्रोसेसर आणि स्मृतीला बसशी जोडणारी चिप) ठरावीक तीन प्रकारांपैकी असेल तर कोड साउथब्रिज शोधतो आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक षोडशमान ४० ते ४२ या दरम्यान आहे का ते पाहतो. (८२३१ या भावंड चिपसाठी ही मर्यादा १० ते १२ आहे.) नसेल तर काहीही न करता परत फिरतो. असेल तर नॉर्थब्रिजच्या षोडशमान ७६ या जागेवरचा बाइट वाचतो, ५ वा बिट शून्य आणि ४ था बिट एक करतो, व बाइट परत लिहितो. समजा तो बाइट ००१०००१० असा होता, तर तो ०००१००१० होतो. उजवीकडून शून्यापासून मोजता १ ला बिट होता तसाच राहतो. या बदलाने प्रत्येक वेळी बस दिली गेली की प्राधान्यक्रम फिरतो आणि प्रोसेसर ताटकळत नाही. दोष साउथब्रिजवरून ओळखायचा आणि लेखन नॉर्थब्रिजमध्ये करायचे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : जिथे दुखते तिथेच औषध लावावे असे इथे नसते. शिवाय हा क्वर्क दोनदा नोंदवलेला आहे, एकदा संगणक सुरू होतानासाठी आणि एकदा निद्रेतून जागे होतानासाठी. रजिस्टरातले मूल्य झोपेत पुसले जाते. सकाळी नीट चालणारे यंत्र झाकण मिटून उघडल्यावर बिघडते, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हीच विस्मृती असते.

वाचा, बदला, परत लिहा हा क्रम सर्वत्र पाळतात. संपूर्ण बाइट ठोकून लिहिणे सोपे, पण बाकीचे बिट त्या मदरबोर्डाच्या बायोसने (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमने) काही हेतूने बसवलेले असतात. दुसरा खड्डा वाचनात आहे. उपकरण जागेवर नसेल किंवा प्रतिसाद देत नसेल तर सर्व बिट एक असे उत्तर येते. ते खरे मूल्य समजून पुढे गेलेला कोड स्वतःची फसवणूक करतो. दोषी रजिस्टर सापडवण्यासाठी चालू आणि बिघडलेल्या अवस्थेतले कॉन्फिगरेशन क्षेत्र लिनक्सच्या एलएसपीसीआय आज्ञेने उतरवून बाइटागणिक ताडून पाहतात. संशयित बिट सेटपीसीआय या आज्ञेने हाताने फिरवून पाहता येतो. दोष नव्या कर्नलबरोबर आला असेल तर गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या बायसेक्ट सोयीने मधले बदल निम्मे-निम्मे करत जातात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो.

दोष नेहमी चिपमध्ये किंवा तिच्या ड्रायव्हरमध्येच असतो असेही नाही. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही गिगाबिट नेटवर्क चिपांची कायमस्वरूपी स्मृती पुसली जाऊ लागली. कॉन्फिगरेशनच गेल्याने नेटवर्क बंद पडे. पहिला संशय साहजिकच ई१०००ई या ड्रायव्हरवर आला आणि त्यात त्या स्मृतीवरील लेखनाला कुलूप घालण्यात आले. खरा अपराधी निघाला तो कर्नलचा एफट्रेस हा मागोवा घेणारा भाग. मोकळ्या झालेल्या कोडचे जुने पत्ते त्याच्याकडे राहिले होते, ते पत्ते पुढे नेटवर्क चिपला मिळाले आणि एफट्रेस तिथे कोडच आहे असे समजून लिहीत राहिला. २.६.२७.१ मध्ये त्याची ती सोय बंद केली गेली. ड्रायव्हरमधले कुलूप मात्र वाया गेले असे म्हणता येत नाही. कारण कळण्याआधी चिपा वाचवणे हेही दुरुस्तीचेच काम आहे.

यूएसबी आणि स्कझी (डिस्कसारखी साधने जोडण्याची एक पद्धत) उपकरणांसाठीही क्वर्कच्या अशाच याद्या आहेत, बीएसडी कुळातील ऑपरेटिंग सिस्टिमांतही त्या आढळतात. स्कझीत ओळख क्रमांकाने नव्हे तर नावाने पटते : ८ अक्षरे उत्पादकाची, १६ उत्पादनाची, ४ आवृत्तीची. लिनक्समध्ये यूएसबीचा क्वर्क कर्नल सुरू करतानाच्या पॅरामीटरनेही देता येतो, त्यामुळे पॅच (कोडमधला दुरुस्तीचा बदल) लिहिण्याआधी अंदाज पडताळता येतो. मूळ कोड बंद असलेल्या ड्रायव्हरांत असे इलाज असले तरी त्यांची कारणे सहसा उघड होत नाहीत.

इलाज फर्मवेअरमध्ये (बायोससारख्या, यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये) असावा की ड्रायव्हरमध्ये, हा वाद जुना आहे. फर्मवेअरमधली दुरुस्ती सर्व ऑपरेटिंग सिस्टिमना एकदम लाभते. पण जुन्या मदरबोर्डाचे फर्मवेअर उत्पादक फार काळ बदलत नाही आणि वापरणारे ते क्वचितच चढवतात. म्हणून फर्मवेअर सुधारले तरी ड्रायव्हरमधला क्वर्क काढून टाकत नाहीत. मात्र तो कोणत्या रिव्हिजनसाठी आणि कोणत्या लक्षणावरून घातला हे शेजारच्या टिपणीत लिहिलेले असावेच लागते. ६८६बीच्या कोडमधल्या त्या टिपणीमुळेच कंपनीच्या शिफारशीतला कोणता भाग मुद्दाम वगळला आणि का, हे आजही ती फाइल उघडणाऱ्याला कळते.