हुर्यो : अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंवरील प्रेक्षकटीका

अमेरिकेतील महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या संघांतून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रेक्षक, माजी विद्यार्थी आणि सट्टा लावणारे यांच्याकडून जी टीका, टिंगल, शिवीगाळ आणि धमक्यांचा मारा होतो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. हे खेळाडू साधारण १८ ते २२ वर्षांचे असतात. देशभरात एनसीएए या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली पाच लाखांहून अधिक विद्यार्थी खेळतात. पण लोकांच्या रागाचा खरा भार अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन खेळांतल्या मुलामुलींवर पडतो.

मराठी वाचकाला हा प्रकार चटकन पटत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामनाही चारदोन प्रशिक्षक आणि राखीव खेळाडूंच्या साक्षीने उरकतो. महाविद्यालयाच्या नावाने घसा फोडणारी गर्दी पाहायची तर मैदानापेक्षा पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात जावे. ‘आव्वाज कुणाचा’ तिथेच ऐकू येतो. अमेरिकेत हा आवाज शंभर पटींनी वाढतो. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. अलाबामासारख्या राज्यात व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघच नाही, त्यामुळे तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी पहिला सामना झाला, तेव्हापासून दीडशे वर्षांत ही निष्ठा आजोबांकडून नातवाकडे घराण्यातल्या कुळाचारासारखी चालत आली आहे. त्या विद्यापीठात एक दिवसही न शिकलेला माणूससुद्धा संघाला ‘आपला’ म्हणतो.

या ‘आपला’ शब्दावर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अजूनही वाचण्यासारखा आहे. फुटबॉल सामन्यानंतरच्या सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येतात, हे त्यांनी सात विद्यापीठांत मोजून पाहिले. संघ जिंकला की अशा कपड्यांची संख्या वाढे. मग विद्यार्थ्यांना फोन करून सामन्यांविषयी विचारले, तेव्हा विजयाचे वर्णन करताना ‘आपण जिंकलो’ हे रूप अधिक येई, पराभवाचे करताना ‘ते हरले’ हे. क्रिकेट सामन्यानंतर चहाच्या टपरीवर उभे राहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. मात्र एक गोष्ट त्यातून नीट कळते : जो प्रेक्षक विजयात स्वतःला मोजतो, त्याला पराभव हा फसवणुकीसारखा लागतो, आणि फसवणूक म्हटली की फसवणारा शोधावा लागतो.

प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकांची टर हा या परंपरेचा जुना आणि बराचसा मान्य भाग आहे. विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या गॅलरीत तोंडाला रंग फासून तासन्‌तास उभे राहणे, बास्केटबॉलमध्ये पाहुण्या खेळाडूच्या फ्री थ्रोच्या (कोणी न अडवता रिंगणात चेंडू टाकण्याच्या संधीच्या) वेळी हात हलवून त्याचे लक्ष विचलित करणे, चेंडू रिंगणाला न लागता खाली पडला की सुरात ‘एअर बॉल’ म्हणणे : यात कल्पकता असते आणि गंमतही. ड्यूक विद्यापीठाची गॅलरी यासाठी नावाजलेली आहे. पण ही मर्यादा कुठे संपते हे गर्दीला कळत नाही. जानेवारी २००८ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू केव्हिन लव्ह ओरेगन विद्यापीठाविरुद्ध खेळायला युजीनला गेला. तो ओरेगन राज्यातच वाढलेला, त्याचे वडील ओरेगन विद्यापीठाकडूनच खेळलेले. मुलाने बाहेरचे विद्यापीठ निवडले हाच त्याचा गुन्हा. विद्यार्थ्यांनी त्याचा मोबाइल क्रमांक मिळवून आपापसांत पसरवला, व्हॉइसमेल शिव्याधमक्यांनी भरला आणि प्रेक्षकांत बसलेल्या कुटुंबालाही सोडले नाही. लव्ह तेव्हा १९ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये टेक्ससमधील लबक येथे ओक्लाहोमा स्टेटचा बास्केटबॉलपटू मार्कस स्मार्ट तोल जाऊन पहिल्या रांगेत पडला, तिथल्या एका प्रेक्षकाने काहीतरी म्हटले आणि स्मार्टने त्याला ढकलले. स्मार्टवर तीन सामन्यांची बंदी आली. तो प्रेक्षक नेमके काय म्हणाला यावर वाद झाला. ढकलण्याचे चित्रण मात्र देशाने पुन्हापुन्हा पाहिले.

परक्यांची टर खेळाडू अंगावरून झटकून टाकतात. खोल जखम होते ती घरच्या हुर्योने.

१७ ऑक्टोबर २०१५ चा मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट हा सामना पाहा. घरच्या मैदानावर मिशिगन २३-२१ असे पुढे, घड्याळात १० सेकंद शिल्लक. चेंडू लांब लाथाडून दिला की संपले. हे काम ब्लेक ओनील या ऑस्ट्रेलियातून आलेल्या पंटरकडे होते. त्याच सामन्यात त्याने ८० यार्डांचा पंट मारला होता. चेंडू जरा खाली आला, त्याच्या हातातून निसटला, त्याने तो उचलायची धडपड केली, तोवर प्रतिस्पर्धी अंगावर होते. चेंडू उडून जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात पडला आणि वेळ संपता संपता त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडून सहा गुण मिळवले. २७-२३. (त्या धावेच्या शेवटी खुद्द वॉट्स-जॅक्सनचा खुबा निखळला, ही त्या दिवसाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही.) रात्रभर ओनीलवर शिव्यांचा आणि ‘मर’ अशा संदेशांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना आपल्याच चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहावे लागले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर आणि पंटर यांच्या वाट्याला हे वारंवार येते, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. इतर खेळाडूंची चूक २२ जणांच्या गर्दीत लपते. कोणी अडवायला चुकला हे सामान्य प्रेक्षकाला दिसतही नाही. किकर मात्र साठ मिनिटांत मोजक्याच वेळा मैदानावर येतो, एकटा उभा राहतो आणि चेंडू खांबांमधून गेला की नाही हे सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. बास्केटबॉलमधला फ्री थ्रो तसाच. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्नने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ३४-२८ असे हरवले. अलाबामाच्या केड फॉस्टरचे तीन फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून धाडण्याचे) प्रयत्न वाया गेले होते. सामन्याचा शेवट प्रत्यक्षात दुसऱ्याच किकरच्या तोकड्या पडलेल्या ५७ यार्डांच्या किकवर आणि ती झेलून ख्रिस डेव्हिसने मारलेल्या पूर्ण मैदानभर दौडीवर झाला. तरी खापर फुटले फॉस्टरवर, जिवे मारण्याच्या धमक्यांसकट. काही दिवसांनी माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवली. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक ४३ आणि बुश हे ४३ वे राष्ट्राध्यक्ष. आयुष्यात आपटी खावी लागते, मला ठाऊक आहे, अशा आशयाच्या त्या मजकुराखाली ‘दुसरा ४३’ अशी सही होती.

संघ जिंकत असतानाही घरचे उलटतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) स्पेन्सर रॅटलर याने वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या गॅलरीतून ‘आम्हाला केलेब हवा’ अशी आरोळी उठली. केलेब विल्यम्स हा बाकावर बसलेला, पहिल्या वर्षाचा राखीव क्वार्टरबॅक. सामना ओक्लाहोमानेच जिंकला. दोन आठवड्यांत विल्यम्स मैदानात आला, आणि हंगाम संपल्यावर रॅटलर साउथ कॅरोलायनाला निघून गेला. चाहत्यांचा अंदाज खेळापुरता खरा ठरला, विल्यम्सने पुढे सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारा हाइसमन करंडकही जिंकला. पण ज्या आवारात रॅटलर राहत, जेवत, शिकत होता तिथल्याच मुलांनी ती आरोळी दिली होती. व्यावसायिक खेळाडू सामना संपला की फाटकाच्या आत जातो. महाविद्यालयीन खेळाडू सोमवारी वर्गात बसतो आणि मागच्या बाकावर शनिवारी हुर्यो उडवणारा असतो.

बचाव करायला धावलेली मोठी माणसेही कधीकधी नुकसानच करतात. सप्टेंबर २००७ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॉबी रीड या क्वार्टरबॅकवर एका स्थानिक वृत्तपत्रात स्तंभ आला. सामन्यानंतर आई त्याला हाताने चिकन भरवत होती, असा त्यात उल्लेख होता. मुलगा कणखर नाही हे सुचवण्यासाठी. प्रशिक्षक माइक गंडी पत्रकार परिषदेत भडकले : माझ्यावर या, मी पुरुष आहे, मी ४० वर्षांचा आहे! ही चित्रफीत देशभर गाजली, गंडींचे वाक्य टी-शर्टांवर गेले. रीडने नंतर सांगितले की त्या आरडाओरडीने आपले भले झाले नाही. जो लेख गावापुरता राहिला असता तो जन्मभराची ओळख होऊन बसला. रीड पुढे टेक्सस सदर्न विद्यापीठात गेला. चांगल्या हेतूने घातलेला गोंधळही मुलाच्याच नावावर जमा होतो, हे या प्रकरणात इतके स्पष्ट दिसते की क्रीडासंचालकांना ते पाठ्यपुस्तकासारखे शिकवायला हवे.

परिणामांविषयी बोलताना दोन टोके टाळावी लागतात. प्रत्येक हुर्योने मुलगा मोडतो असे नाही आणि ‘यातूनच कणखर होतात’ हेही खरे नाही. झोप उडणे, भोजनगृहात जाणे टाळणे, मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात देणे, चूक टाळण्याच्या नादात हात आखडणे, अशा गोष्टी खेळाडू स्वतः सांगत आले आहेत. शेवटची गोष्ट विशेष बोचरी, कारण सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल माणूस जाणीवपूर्वक तपासू लागला की बिघडते. म्हणजे टीकाच पुढच्या चुकीची सोय करते. १६ मार्च २०१८ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत यूएमबीसी या मेरीलँडमधील विद्यापीठाकडून ७४-५४ असा हरला. अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकिताकडून हरण्याची पुरुषांच्या या स्पर्धेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. खेळाडूंना धमक्या आल्या. काइल गाय या खेळाडूने नंतर फेसबुकवर आपल्या चिंताविकाराविषयी उघडपणे लिहिले आणि त्या पराभवाचे छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर ठेवले. एप्रिल २०१९ मध्ये उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना त्याने सलग तीन फ्री थ्रो टाकून ऑबर्नला ६३-६२ असे हरवले. व्हर्जिनिया त्या वर्षी विजेता झाला. ही गोष्ट सांगायला सर्वांना आवडते. ज्यांना ते तीन फ्री थ्रो मिळाले नाहीत त्यांच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत.

मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरचा केंद्रीय निर्बंध रद्द केला आणि तीसहून अधिक राज्यांनी एकामागून एक सट्टा कायदेशीर केला. त्यामुळे टीकाकाराची एक नवी जात उदयाला आली : तिला संघाशी देणेघेणे नाही. ‘प्रॉप बेट’ या प्रकारात सामन्याच्या निकालाऐवजी एखादा खेळाडू किती गुण करील, किती रिबाउंड घेईल (हुकून परत आलेला चेंडू किती वेळा पकडील) यावर पैसे लावतात. मार्च २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने मिशिगन स्टेटला हरवले, तरी आपल्याला शंभराहून अधिक शिव्यांचे संदेश आले, कारण पुरेसे रिबाउंड घेतले नाहीत, असे नॉर्थ कॅरोलायनाच्या आर्मांडो बेकॉटने सांगितले. संघ जिंकला, खेळाडू चांगला खेळला, आणि तरीही तो ‘चुकला’. जुना चाहता निदान पुढच्या शनिवारी पुन्हा टाळ्या वाजवायला यायचा.

एनसीएएने सिग्निफाय या कंपनीकडून २०२३-२४ च्या स्पर्धांच्या काळातील समाजमाध्यमांची पाहणी करून घेतली. १३ लाखांहून अधिक मजकूर तपासला गेला, त्यातील ५,००० हून अधिक मजकूर अपमानकारक वा धमकीचा ठरला. सुमारे १२ टक्के सट्ट्याशी निगडित होता. महिला बास्केटबॉलपटूंना पुरुषांच्या जवळपास तिप्पट त्रास झाला. त्याच हंगामात एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) एंजल रीसने पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत, वर्षभर धमक्या आणि लैंगिक शेरेबाजी सोसत असल्याचे डोळे पुसत सांगितले होते.

‘हे तर विद्यार्थी आहेत’ हा एकेकाळचा हुकमी बचाव आता दुबळा झाला आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातींचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पैसे घेतोस तर ऐकून घे, असे चाहते म्हणतात. खेळावरील टीकेपुरते ते बरोबर आहे. पण धमक्या पगारपत्रक पाहून येत नाहीत. ओनीलला आणि फॉस्टरला त्या आल्या तेव्हा कोणालाच जाहिरातींचा एक डॉलरही घेण्याची मुभा नव्हती.

उपायांमध्ये संघांसोबत मानसोपचारतज्ज्ञ नेमणे, मोठ्या स्पर्धेच्या काळात मोबाइलवरून समाजमाध्यमे काढून टाकणे आणि धमक्या पोलिसांकडे देणे हे नेहमीचे. ओहायोत जानेवारी २०२३ मध्ये सट्टा सुरू झाला आणि त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाचे प्रशिक्षक अँथनी ग्रँट यांनी, सट्टेबाज आपल्या खेळाडूंना घाणेरडे संदेश पाठवतात, हे पत्रकारांसमोर मांडले. त्या वर्षी राज्याने खेळाडूंना त्रास देणाऱ्याला सट्ट्यातून बाद करण्याची तरतूद केली. १ मार्च २०२४ पासून ओहायोने महाविद्यालयीन खेळाडूंवरील प्रॉप बेट बंद केले. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी सर्वच राज्यांत अशी बंदी मागितली आहे. मेरीलँड, व्हर्मॉण्ट आणि लुइझियाना यांनी ती घातली. बाकी जिथे मुभा आहे तिथून ओहायोतल्या मुलाच्या रिबाउंडवर आजही पैसे लावता येतात, आणि संदेश पाठवायला राज्याची सीमा आड येत नाही.