विचारून सांगते, विचारून सांगतो

बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानात बाई रंग पसंत करते आणि शेवटी म्हणते, 'ह्यांना विचारून सांगते.' खानापूरकडचा शेतकरी म्हशीचा सौदा अर्ध्यावर ठेवतो, 'घरात विचारून सांगतो की.' यात आजार काही नाही. परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार याच्या फार पुढचा आहे. रोजचे साधे निर्णयही आधाराशिवाय होत नाहीत, एकटं राहायची धास्ती वाटते, एक नातं तुटलं की माणूस घाईने दुसरा आधार शोधतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत अशी ८ लक्षणं आहेत. त्यांतली किमान ५ तरुणपणापासून, वेगवेगळ्या व्यवहारांत दिसली तरच हे निदान होतं.

दवाखान्यांत हे निदान बायकांचं जास्त होतं. १९८३ साली मानसशास्त्रज्ञ मार्सी कॅप्लन यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं: बाई नवऱ्यावर विसंबली तर ते लक्षण, मग घर आणि मुलं बायकोवर सोडून देणारा पुरुष परावलंबी का नाही? मला हे पूर्ण पटतं. न्हाणीत गेल्यावर टॉवेल, ताटावर बसल्यावर मीठ, बँकेत निघताना पासबुक, सगळ्याला बायकोला हाक मारणारा कर्ता पुरुष आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचं विसंबणं कुणाला दिसत नाही, कारण ते मागण्याआधीच पुरवलं जातं. बायको वारली की मग उघडं पडतं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉर्नस्टीन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. 'तुम्हाला दुसऱ्याचा आधार लागतो का?' असं थेट विचारलं की बायका जास्त परावलंबी निघतात. शाईच्या डागांत काय दिसतं असं आडून विचारलं, की तो फरक दिसत नाही. म्हणजे थोडा फरक तरी नुसत्या कबुलीचा आहे. 'भिऊ नको, पुरुषासारखा पुरुष तू' हे ऐकत वाढलेला मुलगा मोठेपणी कागदावर 'होय' लिहील कशाला?

त्याच नियमावलीतली एक सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटते. मतभेद बोलून न दाखवणं हे लक्षण खरं, पण बोलल्यावर मार बसेल अशी खरीखुरी भीती असेल तर ते धरायचं नाही. निपाणीत विड्या वळणारी बाई नवऱ्यापुढे गप्प बसते, ती कशामुळे, हे तिलाच विचारावं लागतं. आणि इथेच सीमाभागाची अडचण येते. डॉक्टर कन्नड बोलणारे, बाई मराठी, मधे दुभाषी म्हणून तोच नवरा. अशा वेळी त्याला बाहेर थांबवून दोन्ही भाषा येणाऱ्या नर्सला किंवा आशाताईला आत बसवावं.