एक मच्छीमार, एक जलपरी: ग्रिम आणि अँडरसन यांची गल्लत

जत्रेतल्या पुस्तकांच्या दुकानात जगभरच्या परीकथांचं एक जाडजूड, चकचकीत पुस्तक हमखास मिळतं. हिमगौरी, सिंड्रेला, कुरूप पिल्लू, छोटी जलपरी, बेडूक राजपुत्र, काड्या विकणारी मुलगी, सगळ्या एकाच माळेत ओवलेल्या. मूळ लेखकाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. असलं तर ग्रिम किंवा अँडरसन, जे प्रकाशकाला आधी आठवलं ते. पुस्तक घरी आणून रात्री मोठ्याने वाचायला घेतलं की काही गोष्टी सरसर पुढे जातात, पोरं मध्येच ओरडतात, पुढचं वाक्य आपणच म्हणून टाकतात. काही गोष्टींना मात्र दुसऱ्याच पानावर चुळबुळ सुरू होते, नाहीतर शेवटाला "म्हणजे ती मेली?" असा प्रश्न येतो आणि वाचणाऱ्याची बोबडी वळते.

यात वाचणाऱ्याचा दोष नाही. एकाच पुठ्ठ्यात दोन निरनिराळ्या जातींच्या गोष्टी बांधल्या आहेत. ग्रिमची गोष्ट तोंडातोंडी चालत आलेली, अँडरसनची कागदावर जन्मलेली. पहिली पुस्तकातून वाचत असलो तरी सांगायची असते. दुसरी आहे तशी वाचायची असते. हा फरक कळला की कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे नाही ते आपोआप उमगतं.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे जर्मन भाऊ, जन्म १७८५ आणि १७८६चा. दोघे भाषेचे अभ्यासक. त्यांच्या लोककथांचा पहिला खंड १८१२मध्ये निघाला, दुसरा १८१५मध्ये, आणि १८५७च्या सातव्या आवृत्तीपर्यंत गोष्टींचा आकडा दोनशेच्या वर गेला. हे भाऊ झोळी लावून खेडोपाडी हिंडले असं चित्र आपण रंगवतो, ते काही खरं नाही. पुष्कळ गोष्टी त्यांना कासेल शहरातल्या ओळखीच्या, शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलींनी सांगितल्या. भाजीपाला विकायला शहरात येणारी एक शिंप्याची बायको होती, डोरोथिया फीमान. तिच्याकडून त्यांना इतक्या गोष्टी मिळाल्या की पुढच्या आवृत्तीत तिचं चित्र छापलं गेलं.

हान्स ख्रिश्चन अँडरसन डेन्मार्कच्या ओडेन्स गावचा, जन्म २ एप्रिल १८०५. बाप जोडे शिवायचा, आई लोकांची धुणी धुवायची. त्याने १८३५मध्ये मुलांच्या गोष्टींची पहिली पुस्तिका काढली आणि आयुष्यभरात दीडशेच्या वर गोष्टी लिहिल्या. त्याचा जन्मदिवस आज जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळतात. चरित्र इतकं पुरे.

आपण समुद्राकाठचे, तेव्हा दोघांची एकेक दर्याची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघू. ग्रिमच्या संग्रहात एक मच्छीमार आणि त्याच्या बायकोची गोष्ट आहे. गरीब मच्छीमाराच्या गळाला एक चपटा मासा लागतो, आपल्याकडच्या लेपासारखा. मासा बोलतो, आपण मंतरलेला राजपुत्र आहोत म्हणतो, आणि मच्छीमार त्याला सोडून देतो. घरी बायको म्हणते, "सोडलास? काही न मागता?" मग ती नवऱ्याला पुनःपुन्हा किनाऱ्यावर पिटाळते. आधी नीटस घर, मग वाडा, मग राजा व्हायचंय, मग सम्राट, मग पोप. (पोप कोण हे वेंगुर्ल्या-मालवणच्या पोरांना समजावावं लागत नाही.) शेवटी तिला चंद्रसूर्य आपल्या हुकमाने उगवायला हवे असतात. तेवढं मागितलं आणि दोघं परत मूळच्या घाणेरड्या खोपटात.

गोष्टीचा जीव आहे समुद्रात. मच्छीमार दर खेपेला किनाऱ्यावर जातो तेव्हा पाण्याचा रंग बदललेला असतो. आधी हिरवट पिवळं, मग जांभळट आणि गढूळ, मग करडं काळं आणि कुजका वास मारणारं, मग काळंकुट्ट आणि उकळणारं, शेवटी वादळ. कोकणातल्या मुलाला इथे चित्रांची गरज लागत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर खाडीच्या तोंडाशी समुद्र कसा होतो ते त्याने पाहिलेलं असतं. उलट तोच अडवून विचारतो, "पावसात हा मासे मारायला गेलाच कसा? बंदी नाय?" १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात हे त्याला आपल्याइतकंच ठाऊक. मग म्हणावं, तो नारळी पौर्णिमेनंतर गेला होता. गोष्टीचं काही बिघडत नाही.

ही गोष्ट ग्रिम बंधूंनी प्रमाण जर्मनमध्ये छापलीच नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या बोलीत ती त्यांच्याकडे आली आणि त्यांनी बोलीतच ठेवली. मग आपण ती पुण्यामुंबईच्या भाषेत का वाचायची? मालवणीत वाचावी. दर खेपेला मच्छीमार माशाला हाक मारतो, त्याची मूळ ओळ यमकात आहे. मी ती अशी म्हणते:

"माशा रे माशा, दर्याच्या राजा,
बायलेन धाडल्यान, काय इलाज माजा!"

दुसऱ्या खेपेपासून पोरं ही ओळ आपणच म्हणतात आणि तिसऱ्यापासून वाचणाऱ्याला म्हणूच देत नाहीत. बायकोचं "माका आता राजा होवचा आसा" हे तर वाडीतल्या कुणाच्या तरी आवाजात म्हटलं जातंच. कुणाच्या, ते सांगायचं नसतं.

आता अँडरसनची छोटी जलपरी, १८३७ची. सुरुवातच अशी: दूर समुद्रात पाणी निळ्या रानफुलाच्या पाकळ्यांसारखं निळं, स्वच्छ काचेसारखं नितळ, पण खोल इतकं की कुठल्याही नांगराचा दोर तळाला पोचायचा नाही, आणि तळापासून वर यायचं तर चर्चचे कितीतरी मनोरे एकावर एक रचावे लागतील. इथे घाई चालत नाही. पुढे सहा बहिणी, प्रत्येकीला पंधरावं सरल्यावर पाण्यावर यायची परवानगी, आणि प्रत्येकीने वर काय पाहिलं त्याचं निरनिराळं वर्णन. एकीला कोलांट्या मारणारे डॉल्फिन दिसतात (तारकर्लीची मुलं इथे "आमीपण बघलव" म्हणतात), एकीला बर्फाचे डोंगर. गोष्ट पुढे सरकत नाही, खोल जाते. मच्छीमाराच्या गोष्टीत समुद्र रंग बदलून धोक्याची सूचना देतो. जलपरीच्या गोष्टीत समुद्र तिचं माहेर आहे आणि ते तिला सोडायचं आहे.

चर्चचे मनोरे दोन्हीकडे आहेत, आणि फरक तिथेच चिमटीत धरता येतो. मच्छीमाराच्या शेवटच्या वादळात लाटा चर्चच्या मनोऱ्यांएवढ्या, डोंगरांएवढ्या उठतात. तिथे मी बेधडक "दीपमाळेएवढ्या" म्हणते. आपल्या देवळापुढची दीपमाळ पोरांच्या डोळ्यांसमोर उभी राहते आणि लाट मोठी होते. जलपरीच्या पहिल्या वाक्यातले मनोरे मात्र तसेच ठेवते. कारण पुढे ती जलपरी घंटांचे आवाज, वरचं शहर, माणसांचा अमर आत्मा या सगळ्यांसाठी झुरते, आणि ते मनोरे त्याची पहिली चाहूल आहेत. एक दगड काढला तर भिंत हलेल, अशी ती वाक्यं चिणलेली आहेत.

ऐकीव गोष्टीत वाटेल ते बदला, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. ग्रिम बंधूंनी त्या डोरोथिया फीमानबद्दल लिहून ठेवलंय की ती पुन्हा सांगताना काही बदलत नसे, आणि कुठे चुकलीच तर तिथल्या तिथे स्वतःला दुरुस्त करी. हे आपल्याला परकं नाही. काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं मेणाचं. यात अदलाबदल करून बघा, तीन वर्षांचं पोरही उठून बसेल. "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" हे चिऊताईचं उत्तर ठरलेलं. पण बाळाला आंघोळ, पावडर, काजळ, अंगडं असं किती वेळ चालवायचं ते सांगणाऱ्याच्या आणि पोराच्या झोपेच्या हाती. पालुपद पक्कं, मधली जागा मोकळी. ग्रिमची गोष्ट अशीच वाचावी. त्यांच्याकडे एका मंत्राने शिजणाऱ्या आणि दुसऱ्या मंत्राने थांबणाऱ्या मडक्याची अर्ध्या पानाची गोष्ट आहे. त्यातली गोड लापशी नाचणीची आंबील झाली तर काहीच अडत नाही. आईला थांबवायचा मंत्र ठाऊक नसतो आणि आंबील चुलीवरून माजघर, ओटी, पाणंद करत सगळ्या गावात भरते. गावात परतायचं तर खात खात वाट काढावी लागते. ती वाट कुणाच्या दारावरून न्यायची हे ऐकणारी मंडळी ठरवतात.

बदलाचा पायंडा खुद्द विल्हेल्म ग्रिमनेच घातला आहे. १८१२च्या छापील प्रतीत हिमगौरीचा जीव घ्यायला उठलेली तिची सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. आईची पत राखायला म्हणून हा बदल केला असावा, पण त्याने जगभरच्या सावत्र आयांच्या नशिबी जे आलं ते आलंच. घरात किंवा शेजारात तशी नाती असतील तर वाचताना "राणी" एवढंच म्हणावं, गोष्ट चालते. आणि सिंड्रेलाचा भोपळा, परी, काचेचा बूट या गोष्टी ग्रिमच्या नाहीतच. त्या फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या, १६९७च्या. ग्रिमच्या गोष्टीत आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, पाखरं आहेत, आणि बूट घालायला टाच कापून घेणारी बहीण आहे.

टाच कापली म्हटल्यावर पालक दचकतात आणि ग्रिम क्रूर, अँडरसन हळवा असा शेरा मारून मोकळे होतात. मोठ्याने वाचून बघा, उलटा अनुभव येतो. ग्रिममध्ये टाच एका वाक्यात कापली जाते, दुसऱ्या वाक्यात पाखरं रक्त दाखवतात, तिसऱ्यात घोडा माघारी फिरतो. दुखलं किती हे कुणी सांगत नाही, म्हणून मुलालाही दुखत नाही. टुणूक टुणूक भोपळ्यातली म्हातारी वाघाच्या तोंडून सुटते तेव्हा वाघ उपाशी राहिला याची कुणाला खंत असते? अँडरसन मात्र दुःखाजवळ थांबतो. जलपरीला पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर टाकल्यासारखं. जीभ कापलेली, त्यामुळे ती कुणाला सांगूही शकत नाही. काड्या विकणारी मुलगी, १८४५ची, वर्षाच्या शेवटच्या रात्री एकेक काडी ओढत थंडीने मरते, आणि तो चार पानं आपल्याला तिच्या शेजारी बसवतो. चार वर्षांच्या मुलाला झोपताना हे वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला जरूर वाचावं, दिवसाउजेडी, आणि नंतर बोलायला वेळ ठेवून.

सीमेवर थोडा चिखल आहे, तोही सांगायला हवा. मच्छीमाराची गोष्ट ग्रिम बंधूंना फिलिप ओटो रुंगे या चित्रकाराकडून लिहून आली होती, आणि रंग पालटणाऱ्या त्या समुद्रात चित्रकाराचा हात दिसतो असं मला वाटतं. उलट अँडरसनने वाटाण्यावर झोपलेल्या राजकन्येची गोष्ट लहानपणी ऐकलेली होती, आणि राजाच्या नव्या कपड्यांचं मूळ एका जुन्या स्पॅनिश पुस्तकात आहे. या दोन्ही आखूड, चटपटीत, पाच वर्षांच्या पोरालाही चालतात. कुरूप पिल्लू, १८४३चं, पूर्णपणे अँडरसनचं, पण गदिमांच्या गाण्यामुळे मराठी घरात इतकं मुरलंय की ते आजीकडूनच आलं असं लोक शपथेवर सांगतील. आपल्या श्रावणातल्या कहाण्या तर दोन्ही घरच्या. आटपाट नगरापासून "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" इथपर्यंत त्या तोंडी आल्या, तरी वाचताना एक शब्द इकडचा तिकडे केला तर घरातली मोठी माणसं टोकतात.

नाव नसलेल्या पुस्तकात कुठली गोष्ट कुणाची हे ओळखायचं असेल तर पहिलं पान डोळ्यांखालून घाला. नायकाला नाव नाही, तीन भाऊ किंवा तीन खेपा आहेत, हवापाण्याचं वर्णन शून्य: ग्रिमच्या घराण्यातली. सुई, शिपाई, झाड असल्या वस्तू बोलतायत, लेखक मध्येच स्वतः डोकावतो: अँडरसन. आणि जत्रेतल्या पुस्तकात अँडरसनची गोष्ट दोन पानांत उरकली असेल, तर ती बाजूला ठेवून पूर्ण भाषांतर शोधावं. ग्रिम दोन पानांत मावतो, अँडरसनचा सांगाडाच उरतो.

जलपरी एका रात्रीत होत नाही. पहिल्या दिवशी ती राजपुत्राला वादळातून वाचवून किनाऱ्यावर ठेवते तिथे थांबावं. दुसऱ्या दिवशी समुद्रातल्या चेटकिणीशी सौदा होईपर्यंत. तिसरा भाग रविवारी सकाळी. चित्रपट पाहिलेली मुलं लग्नाची वाट बघत असतात. लग्न होतं, पण दुसऱ्याच मुलीशी, आणि जलपरीचा फेस होतो. फेसानंतर अँडरसनने आणखी एक तुकडा जोडला आहे: ती वाऱ्याची कन्या होते, तीनशे वर्षं चांगली कामं केली की तिला आत्मा मिळणार, आणि गुणी मूल दिसलं की त्यातलं एक वर्ष कमी, खोडकर दिसलं तर प्रत्येक आसवामागे एक दिवस जास्त. हा तुकडा मला पटत नाही, मुलांच्या अंगावर उगाच ओझं टाकतो. तरी मी तो गाळत नाही. वाचून झाल्यावर पोरं चिडून म्हणतात, "आमी मस्ती केलव तर तिका कित्याक शिक्षा?" आणि मग त्या दिवशी दुसरी गोष्ट होत नाही, भांडणच होतं.