व्हिंटेज रोड ट्रिप आणि टिकी बार, हे सगळं आलं कुठून

अमेरिकेत रोड ट्रिप म्हटलं की आपली मंडळी ग्रँड कॅन्यन, वेगास, यलोस्टोन असं ठरवून मोकळी होतात, पण तिथल्याच काही हौशी लोकांचा ट्रिपचा नकाशा एकदम वेगळाच असतो, त्यात सिमेंटचा डायनासोर असतो, तंबूच्या आकाराच्या खोल्यांचं मोटेल असतं, फायबरचा वीस फुटी माणूस असतो आणि रात्री मुक्कामाच्या गावात एखादा अंधारा, बांबू आणि लाकडी मूर्तींनी खच्चून भरलेला, रमची कॉकटेलं पाजणारा टिकी बार असतो. पहिल्यांदा असा नकाशा बघितला तेव्हा मला कळेचना की डायनासोर आणि रम यांचा एकमेकांशी संबंध काय. जरा खोदून बघितलं तर संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. दोन्ही म्हणजे गिऱ्हाईक पकडायच्या युक्त्या, एकीने चालत्या गाडीला ब्रेक लावायला लावायचा आणि दुसरीने आत येऊन बसलेल्या माणसाला उठू द्यायचं नाही.

आधी रस्त्याचं सांगतो. फोर्डची मॉडेल टी आली १९०८ मध्ये आणि १९२० च्या दशकात तिची किंमत ३०० डॉलरच्याही खाली आली, म्हणजे गिरणीतला कामगार, शेतकरी, शाळामास्तर सगळे गाडीवाले झाले. नोव्हेंबर १९२६ मध्ये हायवेंना देशभर एकसारखे नंबर दिले गेले, त्यातलाच तो फेमस रूट ६६, शिकागो ते लॉस एंजेलिसजवळचं सँटा मोनिका, जवळपास ३९०० किलोमीटर. महत्त्वाचं काय तर हा रस्ता गावांच्या बाहेरून जात नव्हता, प्रत्येक गावाच्या मेन बाजारातून जायचा. गाडी चाळीसच्या स्पीडने चाललीये, दोन्ही बाजूला दुकानं, आणि एकाच गावात पाच पेट्रोल पंप, सहा खाणावळी, आठ मुक्कामाच्या जागा, मग तुमच्याकडेच का थांबावं माणसाने? इथून सगळी चुरस सुरू झाली.

कोणी काय करावं याला धरबंध नव्हता. फ्रँक रेडफर्ड नावाच्या गृहस्थाने केंटकीत तंबूच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्या बांधून मोटेल काढलं आणि १९३६ मध्ये त्या डिझाइनचं चक्क पेटंट घेतलं. नाव ठेवलं विगवॅम व्हिलेज, खरं तर विगवॅम गोल झोपडीसारखा असतो आणि याने बांधले ते निमुळते टीपी (दोन्ही तिथल्या मूळ रहिवाशांची घरं), पण त्याला टीपी हा शब्द आवडायचा नाही म्हणे! अशी एकूण सात व्हिलेज झाली, आज तीनच उरलीत, केंटकीत केव्ह सिटी, ॲरिझोनात होलब्रुक आणि कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो. साउथ डकोटात वॉल नावाच्या खेड्यात औषधाचं दुकान चालत नव्हतं म्हणून मालकाच्या बायकोने १९३६ च्या उन्हाळ्यात डोकं लढवलं, हायवेवर पाट्या लावा, बर्फाचं पाणी फुकट. एवढ्यावर ते दुकान जे चाललं ते आजही गर्दी आवरत नाही. फ्लोरिडात विकी वाची नावाचा झरा आहे तिथे १९४७ मध्ये न्यूटन पेरीने पाण्याखाली जलपऱ्यांचा शो सुरू केला, पोरी हवेच्या नळीतून श्वास घेत पाण्याखाली नाचायच्या, आणि असं सांगतात की गाडीचा आवाज आला की त्याच पोरी पळत रस्त्यावर जाऊन हात करून गाडी थांबवायच्या आणि मग परत पाण्यात उडी. मार्केटिंग म्हणतात ते हेच.

बर्मा शेव्ह नावाच्या दाढीच्या क्रीमवाल्यांचं तर मला फार आवडतं. १९२५ पासून रस्त्याच्या कडेला ओळीने छोट्या पाट्या, प्रत्येक पाटीवर कवितेचा एक तुकडा, शेवटच्या पाटीवर क्रीमचं नाव. गाडीतली पोरं मोठ्याने वाचत जायची. १९६३ मध्ये त्या पाट्या काढायची वेळ आली, एक मोठं कारण हे की गाड्या इतक्या फास्ट झाल्या की यमक जुळायच्या आत पाट्या मागे पडायच्या. पुढे रूट ६६ चं जे झालं ते या एवढ्याशा गोष्टीत आधीच दिसतं, पण त्याकडे येतोच.

आता टिकी बारचं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने एक टीचभर बार काढला, डॉन द बीचकोंबर. हा आधी कॅरिबियन आणि पॅसिफिकमध्ये फिरून आलेला, सोबत मासेमारीची जाळी, बोटींचे तुकडे, बांबू असलं सामान आणलेलं, ते सगळं भिंतीला टांगलं. रमच का, तर साधं गणित आहे, तेरा वर्षं गाळणं बंद असल्यामुळे देशात मुरलेली व्हिस्की फारशी नव्हती, उलट कॅरिबियन बेटांवर चांगली मुरलेली रम ढिगाने पडून होती आणि स्वस्तही होती. १९३४ मध्ये त्याने झोम्बी नावाचं कॉकटेल काढलं, त्यात तीन प्रकारच्या रम आणि नियम असा की एका माणसाला दोनच मिळणार. नियमामुळेच लोक जास्त यायला लागले हे वेगळं सांगायला नको. आणि म्हणे हा बाबा छतावर पाइपने पाणी सोडायचा, आतल्या लोकांना वाटायचं बाहेर पाऊस पडतोय, मग कशाला निघा, अजून एक मागवू! पुढे या गँटने स्वतःचं नावच कायदेशीर बदलून डॉन बीच करून घेतलं.

इथे जरा थांबतो, कारण इथे आपला संबंध येतो आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. डॉनची सगळी कॉकटेलं मुळात कॅरिबियनमधल्या रम पंचवर बेतलेली, एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी किंवा बर्फ, तोच साचा घेऊन त्याने त्यात दोन तीन रम आणि मसाल्यांचे पाक घुसवले. पण पंच कॅरिबियनचा नाहीच, तो इंग्रज खलाशांनी सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावरून नेला. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात इकडे होता, त्याने लिहून ठेवलंय की नेरूलला सगळ्यात चांगली अरॅक, म्हणजे गाळलेली दारू, होते (गोव्यातलं नेरूल, नवी मुंबईतलं नाही) आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं पेय करतात, हिंदुस्थानी भाषेत पाँच म्हणजे पाच, कारण त्यात पाच वस्तू. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. भाषेचे काही जाणकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत, तो वाद चालू दे, पण पेय इकडून तिकडे गेलं याबद्दल फार वाद नाही. तिकडे अरॅकच्या जागी रम आली, आणि मग अडीचशे वर्षांनी हॉलिवूडमध्ये दालचिनी, जायफळ, लिंबू घालून 'साउथ सीज'चं, म्हणजे पॅसिफिकच्या बेटांचं, म्हणून विकायला लागले. म्हणजे नाव पॅसिफिकचं, दारू कॅरिबियनची, साचा कोकणपट्टीचा, आणि ग्लास भरणारे हात फिलिपिनो.

हो, फिलिपिनो. डॉनच्या बारच्या मागे जे खरे कारागीर होते ते बहुतेक फिलिपिन्समधून आलेली पोरं होती आणि त्यांचं नाव कुठल्या मेन्यूवर आलं नाही. डॉन एवढा संशयी की बाटल्यांवर नावंच नसायची, नुसते नंबर आणि कोड, मसाला नंबर दोन, मसाला नंबर चार, डॉन्स मिक्स, म्हणजे बारटेंडर दुसऱ्याकडे गेला तरी त्याला रेसिपी माहीत असून माहीत नसायची. आपल्याकडे एखादी काकू मसाल्याचं प्रमाण विचारलं की "अंदाजाने" म्हणते त्याचीच पुढची पायरी. ही कोडं नंतर पन्नास-साठ वर्षं कोणाला सुटली नाहीत. जेफ बेरी नावाच्या अभ्यासकाने म्हाताऱ्या बारटेंडरांना आणि त्यांच्या घरच्यांना गाठून गाठून शोध घेतला, डिक सँटियागो नावाच्या डॉनकडे काम केलेल्या माणसाची १९३७ ची खिशातली वही मिळाली, त्यात झोम्बी होतं पण तेही कोडमध्ये, आणि शेवटी मसाला नंबर चार म्हणजे काय निघालं तर दालचिनीचा पाक! २००७ मध्ये ते छापून आलं. आज कुठल्याही चांगल्या टिकी बारमध्ये जे 'ओरिजिनल झोम्बी' मिळतं ते यामुळे.

धंदा मोठा कसा झाला ते थोडक्यात. ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनचा १९३४ पासून एक साधा बार होता, त्याने डॉनचं बघून आपलाही बार तसाच सजवला, ट्रेडर व्हिक नाव घेतलं आणि १९४४ मध्ये माई ताई नावाचं कॉकटेल काढलं (डॉनचं म्हणणं ते मूळ माझंच, हे भांडण दोघं गेले तरी मिटलं नाही). युद्धात लाखो अमेरिकन पोरं पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आली, १९४७ मध्ये नॉर्वेच्या थॉर हायरडालने कॉन-टिकी तराफ्यावरून १०१ दिवसांत महासागर पार केला आणि टिकी हा शब्द घरोघरी गेला, १९५९ मध्ये हवाई बेटं अमेरिकेचं राज्य झाली, १९६३ मध्ये डिस्नेलँडमध्येसुद्धा टिकी रूम आली. मग काय, हॉटेलं, मोटेलं, बोलिंगचे हॉल, सगळीकडे लाकडी देव. डॉन स्वतः युद्धावर गेला होता तेव्हा धंदा वाढवला सनी संडने, जिच्याशी त्याचं लग्न झालं आणि मोडलं, आणि अमेरिकेतला धंदा तिच्याकडेच राहिला, म्हणून हा हवाईला गेला, जे तेव्हा अजून राज्य नव्हतं. माणसाने बेटांचा देखावा विकला आणि शेवटी बेटावरच जाऊन बसला.

यात एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. टिकी हा माओरी आणि आसपासच्या लोकांच्या पुराणातला आदिपुरुष, त्यांच्या पूर्वजांच्या मूर्ती, त्या पेल्याच्या आकारात आणून त्यात रम ओतायची, आणि त्या लोकांना विचारलं कोणी? तंबूच्या मोटेलचंही तेच, मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या आणि तंबू सिमेंटचे झाले. हल्ली काही नवे बारवाले मूर्ती टाळतात, नुसतं समुद्राचं आणि जहाजाचं डेकोरेशन ठेवतात. मला स्वतःला जुन्या जागा बघायला आवडतात, पण हे माहीत असून बघाव्यात एवढंच.

मग हा सगळा धंदा बसला कसा? जून १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने हायवेचा कायदा सही केला, ४१,००० मैल इंटरस्टेट, सिग्नल नाही, गाव नाही, मध्ये कोणी आडवं येणार नाही. एकेक गाव बायपास होत गेलं. ॲरिझोनात सेलिगमन नावाचं छोटं गाव आहे, २२ सप्टेंबर १९७८ ला तिथला बायपास उघडला, आणि तिथला न्हावी एंजल डेलगाडिओ सांगायचा की आदल्या दिवशीपर्यंत गाड्यांची रीघ होती आणि त्या दिवशी रस्ता एकदम गप्प झाला. जून १९८५ मध्ये रूट ६६ हा नंबरच यादीतून काढून टाकला. जे टिकले ते एक तर अवाढव्य होते, जसे कॅलिफोर्नियातले कॅबेझोनचे डायनासोर, क्लॉड बेलने आपल्या हॉटेलात लोक यावेत म्हणून १९६४ पासून दहा-अकरा वर्षं खपून पहिला बांधला, दीडशे फूट लांब, इंटरस्टेटवरून ताशी शंभरच्या स्पीडमध्येही दिसतो. हॉटेल बंद पडलं, डायनासोर आहे. आणि बाकीचे टिकले ते कोणाच्या तरी हट्टामुळे. याच एंजलने १९८७ मध्ये गावोगावची माणसं गोळा केली, राज्य सरकारच्या मागे लागला आणि त्याच वर्षी सेलिगमन ते किंगमन रस्त्याला हिस्टॉरिक रूट ६६ म्हणून मान्यता मिळवली. बाकी राज्यांनी मग तोच कित्ता गिरवला.

टिकीची पडझडही त्याच काळातली. १९७० च्या दशकातल्या तरुणांना ते आईबापांचं खूळ वाटायला लागलं, बार पटापट पडले. सगळ्यात हळहळ वाटते ओहायोतल्या कोलंबसच्या काहिकीची, १९६१ चा मोठा जहाजासारखा बार, २००० मध्ये पाडून तिथे औषधाचं दुकान केलं. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलचा माई-काई, १९५६ चा, तोही २०२० मध्ये पावसाने छत गेल्यावर बंदच झाला होता, पण दुरुस्त होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये परत उघडला, विकी वाचीवरून तो चार-साडेचार तासांवर आहे, फ्लोरिडावाल्यांनी हीच जोडी धरावी. सॅन फ्रान्सिस्कोत फेअरमाँट हॉटेलच्या जुन्या स्विमिंग पूलवर १९४५ पासून टोंगा रूम आहे, पूलमध्ये तराफ्यावर बँड वाजतो आणि मधेच छतातून पाऊस पडतो, डॉनचीच आयडिया पण प्लंबिंग चांगलं.

हे सगळं डोक्यात ठेवलं की प्लॅनिंगला एक साधी अडचण कळते, फोनवरचा मॅप तुम्हाला कायम इंटरस्टेटवर नेणार, म्हणजे जिच्यामुळे या जागा मेल्या तिच्यावरच. त्यामुळे एकेक गाव हाताने टाकत जावं लागतं, दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर धरू नये. रूट ६६ पश्चिमेला जाऊन संपवायचा असेल तर शेवटचा मुक्काम सॅन बर्नार्डिनोच्या विगवॅममध्ये करता येतो, आणि गंमत म्हणजे २००३ मध्ये ती मोडकळीला आलेली जागा विकत घेऊन नीट केली ती एका पटेल कुटुंबाने, अमेरिकेतली जुनी मोटेलं गुजराती मंडळींनी कशी धरून ठेवलीत तो वेगळाच विषय. तिथून शंभरेक किलोमीटरवर लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डवर टिकी-टी आहे, जेमतेम डझनभर स्टुलांचा बार, १९६१ मध्ये काढला रे बुहेनने, जो १९३४ मध्ये डॉनच्या बारमागे उभा असलेल्या त्या फिलिपिनो पोरांपैकी एक. अजून त्याच्याच घरचे लोक चालवतात. फक्त तिथे गाडी घेऊन जाऊ नका, खोली जवळपास बघा आणि चालत किंवा टॅक्सीने जा, कारण शंभर किलोमीटर परत तंबूत यायचंय हे झोम्बी प्यायल्यावर आठवून उपयोग नसतो.