‘टेस्ट्स डिलिशियसली’ लिहू नका रे: लागतं वेगळं, चाखतं वेगळं

भाचा आठवीला आहे, चाळीसगावला. परवा त्याने वहीचा फोटो पाठवला, ‘द भरीत टेस्ट्स डिलिशियसली’, आणि वर क्लासमधली बरोबरची खूण. हवं होतं नुसतं ‘डिलिशियस’. डोकंच फिरलं माझं.

अ‍ॅडजेक्टिव्ह सगळ्यांना येतं. ‘गाय गरीब आहे’ मधलं गरीब मराठीत विधिविशेषण (नामानंतर येणारं विशेषण), तेच इंग्रजीत प्रेडिकेट अ‍ॅडजेक्टिव्ह. इज, आर, वॉजच्या पुढे नाम आलं तर प्रेडिकेट नाउन, विषय संपला. फक्त ‘द बनाना इज रायपनिंग’ मधला इज नुसता हेल्पर असतो, तिथे लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी नुसतं जोडणारं क्रियापद, शोधत बसू नका.

खरा घोळ लुक, टेस्ट, स्मेल, फील या चौघांचा, कारण हे दोन्हीकडून खेळतात, कधी लिंकिंग तर कधी अ‍ॅक्शन. त्यात आपल्याकडे ‘ती छान दिसते’ आणि ‘ती छान गाते’, छान तेच राहतं, इंग्रजीत मात्र ‘लुक्स ब्युटिफुल’ पण ‘सिंग्ज ब्युटिफुली’. मग कोणीतरी पोरांना सांगतं की व्हर्बच्या पुढे आलं की ली लाव, आणि पोरं दिसेल तिथे ली लावत सुटतात.

अरे पण आपल्याकडे या चौघांना दोन-दोन वेगळी क्रियापदं आहेत, ती वापरा ना! आई बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) वांगं ठेचते, बोटावर घेऊन चाखते, तिथे ‘मदर टेस्ट्स द भरीत केअरफुली’, कारण ती काहीतरी करतेय. आणि भरीत बिचारं काहीच करत नाही, ते नुसतं तिखट लागतं (घरी आम्ही ‘लागस’ म्हणतो), म्हणून ‘द भरीत टेस्ट्स स्पायसी’. तसंच ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली, ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी’ म्हणजे तिने माझ्याकडे रागाने बघितलं. ‘द डॉग स्मेल्स बॅड’ म्हणजे कुत्र्याला घाण वास येतोय, आंघोळ घाला, आणि ‘बॅडली’ लिहिलं तर त्याला वास नीट घेताच येत नाही, नाकाचा डॉक्टर बघा. दिसतं, लागतं, वास येतो, वाटतं, इथे ली नाही. बघतो, चाखतो, वास घेतो, चाचपतो, इथे ली चालेल.

लिंकिंग व्हर्बची लांबलचक यादी पाठ करायला लावतात त्याचा मला भयंकर राग आहे. टेस्ट यादीत आहे म्हणून आईच्या वाक्यातही लिंकिंग होतो का?

टर्न, ग्रोला मात्र मराठीची ही युक्ती पुरत नाही. ‘द बनानाज टर्न्ड ब्लॅक’, केळी काळी पडली. तिथे टर्न्डच्या जागी ‘वेअर’ घालून बघा, ‘वेअर ब्लॅक’ जमतं, म्हणजे लिंकिंग. ‘द फार्मर ग्रोज बनानाज’ मध्ये इज घातलं तर शेतकरीच केळी होतो.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणतो, मामा, मग ‘आय फील वेल’ कसं चालतं, वेल तर अ‍ॅडव्हर्ब ना? म्हटलं, ‘सिंग्ज वेल’ मध्ये असतं रे ते अ‍ॅडव्हर्ब. इथे वेल म्हणजे तब्येत बरी, अ‍ॅडजेक्टिव्हच आहे ते.